घुटका

पाचव्या दिवशी दोन्ही बोंडं फाटली.
डावीकडून रक्त आलं, लेकराच्या ओठाला लागलं.
शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, अगं बया,
आणि तिनं तिच्या लेकराचं तोंड पदरानं झाकलं.

तोपर्यंत किती हात लागले होते मला.
सासूचा, चुलतसासूचा,
डबा घेऊन आलेल्या वैजंताकाकूचा.
पाहायला आलेली जी ती
भरताचं वांगं दाबावं तसं दाबून बघायची
आणि सांगायची,
दूधच नाही हिला.
दूध आहे, पण पातळ आहे.
आहे, पण दिठावलंय.

अळीव झाले. डिंक झाला.
एप्रिलातल्या उदगीरात, बेचाळीस डिग्रीत,
बाजरीची गरम खीर झाली.
लेकरू रडूलालं तर खीर,
मी रडूलाले तर आणखी एक वाटी.

नवऱ्यानं मेडिकलमधून पावडरचा डबा आणला.
खिडकीत ठेवला. बोलला काहीच नाही.
मी भिंतीकडं तोंड केलं,
सिझरचे टाके ओढले जात असताना.

रात्री दोनला तहसीन सिस्टर आली.
चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली.
खाटेवर टेकली नाही, स्टूल ओढून घेतलं.
म्हणाली, "हात लावू का?"

मला कळलंच नाही ती कुणाला विचारतेय.
पाच दिवसांत कुणी विचारलं नव्हतं.
लग्नापासूनच नव्हतं विचारलं,
पण ते जाऊ द्या.

आधी तिनं नुसतं पाहिलं, हाताची घडी घालून.
मग म्हणाली, तू त्याच्याकडं वाकूलालीस.
वाकायचं नाही. त्याला आणायचं आपल्याकडं.
पाठीमागं लुगड्याची घडी. पोटाला पोट.
नाक बोंडासमोर. आणि थांब.
थांब बेटा, अजून थांब,
जांभई दिल्यासारखं तोंड उघडू दे त्याला.
आता. हनुवटी आधी.
नुसतं बोंड नाही, भोवतालचा काळा भागही जाऊ दे आत.
खालचा ओठ बघ, बाहेर उलटला पाहिजे.

चुकलं. कळ मस्तकात गेली.
तिनं त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यात करंगळी घालून अलगद सोडवलं.
ओढायचं नाही, सोडवायचं. परत.
परत चुकलं.
चौथ्यांदा की पाचव्यांदा, आता आठवत नाही,
लाईट गेली.

कूलरची खडखड थांबली.
कुणीतरी खोकलं, मग तेही थांबलं.
आणि त्या अंधारात मी ऐकलं,
घुटुक.
मग बराच वेळ काही नाही.
घुटुक.
रांजणात तांब्या बुडतो तसा आवाज,
पण मुंगीच्या घरातला.

"ऐकलंस? मोज आता," सिस्टर म्हणाली,
आणि मोबाईलच्या उजेडात पुढच्या खाटेकडं गेली.

खाली सतरंजीवर सासू जागीच होती.
म्हणाली, "माझ्या पहिलीला शेळीचं पाजलं आम्ही.
मलाबी म्हणले होते, हिला दूधच नाही."
मी बोलले नाही. मोजत होते.
अकरा. बारा.
मग ध्यानात आलं,
माझ्या नवऱ्याला तर बहीण नाही.

चौदाव्या दिवशी काट्यावर ठेवलं.
जन्माच्या वजनाला चाळीस ग्रॅम कमी.
सिस्टरनं निळ्या पेनानं कार्डावर लिहिलं,
चढतंय. सोमवारी परत या.
डावी बाजू भरायला पंधरवडा गेला.
तोवर तिकडचं हातानं पिळून, वाटी-चमच्यानं.
पावडरचा डबाही एकदा उघडला, खोटं कशाला बोलू.
सिस्टरला सांगितलं. ती रागावली नाही,
किती पाजलं तेवढं विचारून घेतलं.

अजून बायका येतात बघायला, दुपारच्या, हात पुढं करून.
सासू उंबऱ्यात आडवी बसते, लसूण सोलत.
"थांबा," म्हणते,
"मोजूलालीय ती."